शिष्यवृत्तीच्या पत्रासोबत हिशेबाची एक पट्टीही द्या

महाराष्ट्रातील सर्व खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे कुलगुरू, कुलसचिव आणि प्रवेश विभागाचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेला गणित शिकवते. गेली काही वर्षं शिकवण्याच्या जोडीला आणखी एक काम माझ्याकडे आलं आहे, ते म्हणजे मुलांचे फॉर्म भरून देणं. बारावीची परीक्षा संपली की संध्याकाळी आमच्या पडवीत चार-पाच मुलं आणि त्यांचे आई-वडील बसलेले असतात. कुणाच्या हातात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, कुणाकडे नॉन-क्रीमी लेअर, कुणाचं डोमिसाइल अजून यायचं असतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर तुमच्यापैकी कुणाचा तरी मेसेज असतो: आपल्या पाल्याची ५० टक्के गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, जागा मर्यादित आहेत, सात दिवसांत शुल्क भरून प्रवेश निश्चित करावा.

त्या मेसेजमध्ये जे लिहिलेलं नसतं, त्याबद्दल मी हे पत्र लिहिते आहे.

शिष्यवृत्ती हा शब्द आमच्याकडे मूल लहान असतानाच घरात येतो. माझ्या वेळी चौथी-सातवीची परीक्षा होती, पुढे ती पाचवी-आठवीला गेली. गुरुजी शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे आणि निकालात नाव आलं की शाळेच्या फळ्यावर लिहिलं जायचं. आठवीत एनएमएमएसला, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यावर जमा होतात. रक्कम फार मोठी नाही, पण या परीक्षांनी शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात पक्का केला आहे. मुलाने अभ्यास केला, गुण मिळवले, पैसे आले. घरातून काही द्यावं लागत नाही.

तुमच्या पत्रातली शिष्यवृत्ती म्हणजे तुमच्याच शुल्कात दिलेली सूट. ती द्यायला माझी काहीच हरकत नाही. वैरागजवळच्या एका खेड्यातला माझा एक विद्यार्थी तुमच्यापैकीच एका विद्यापीठात १०० टक्के शिष्यवृत्तीवर चार वर्षं शिकला आणि आज पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. त्याच्या घरात शिकलेला तो पहिलाच. असं काही घडतं म्हणूनच मी दरवर्षी तुमचे फॉर्म भरून देते. पण सूट मिळाल्यावर उरलेली रक्कम घराने भरायची असते आणि ती रक्कम किती, हे पत्रात नसतं. पालक तो शब्द त्यांना माहीत असलेल्या अर्थाने वाचतात, आनंदाने पेढे वाटतात, आणि हिशेब पुढे उलगडत जातो.

२०२४ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. ओबीसी प्रवर्गातली. वडील मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी, पगार महिना १५,००० रुपये. बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला, तिला ८८ टक्के पडले, आणि त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचा इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी वरच्यासारखा मेसेज आला. सीईटीचा निकाल अजून लागायचा होता. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या तर फारच लांब होत्या. दिवाणजींनी मेसेज मला दाखवला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. ते म्हणाले, “मॅडम, वर्षाची फी दोन लाख आहे. निम्मी माफ. म्हणजे चार वर्षांचे चार लाख. कसंही करून उभे करतो.”

हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहितो. शेतकऱ्याचा माल आला की वजन, दर, हमाली, तोलाई, आधी उचललेली उचल हे सगळं मांडून खाली हातात पडणारी रक्कम लिहायची आणि ती पट्टी शेतकऱ्याला द्यायची, हे त्यांचं रोजचं काम. अडाणी शेतकरीसुद्धा पट्टी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. अशा माणसाचा हिशेब चुकला. बेरजेत त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यापुढे सगळे आकडे आलेच नव्हते.

निम्मं माफ झालं ते फक्त शिक्षण शुल्क. दोन लाखांचे एक लाख झाले. वसतिगृह आणि मेस मिळून १,१०,००० रुपये वेगळे, आणि पहिल्या वर्षी वसतिगृहात राहणं सक्तीचं. परीक्षा, विमा, विद्यार्थी उपक्रम वगैरेचे २०,०००. अनामत १०,०००. पहिल्याच वर्षी घरातून गेले २,४०,०००. शिष्यवृत्ती नसती तर ३,४०,००० गेले असते, म्हणजे मोठ्या अक्षरात लिहिलेली ५० टक्के सूट एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांच्याही आत होती. हे आकडे गुप्त नव्हते, पण एका ठिकाणीही नव्हते. शिक्षण शुल्क एका पानावर, वसतिगृहाचं दुसऱ्या पुस्तिकेत, ‘इतर शुल्क’ प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर.

यापुढचं मला जास्त लागलं, कारण त्यात माझंही अज्ञान होतं. १६ जूनला सीईटीचा निकाल लागला, तिला ९३ पर्सेंटाइल. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा शासन निर्णय आला. ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा, आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली. कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला सोलापूरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली होती. तिथे शिक्षण शुल्क शून्य, परीक्षा शुल्क शून्य. एसटीने दोन तासांचं अंतर.

म्हणजे तुमच्या ५० टक्के शिष्यवृत्तीपेक्षा शिष्यवृत्ती नसलेलं महाविद्यालय तिला कितीतरी स्वस्त पडलं असतं. पण तोवर पैसे भरून झाले होते. दिवाणजींनी विद्यापीठात फोन केला तेव्हा प्रवेश विभागातल्या व्यक्तीने सांगितलं, प्रवेश रद्द केल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही. त्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट सांगितलं होतं की ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत द्यायचं, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर फार तर १,००० रुपये कापायचे. हे मला कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्यानंतर मी असे नियम छापून वर्गाच्या भिंतीवर लावते. पण त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

आणि मग दुसरं वर्ष आलं. शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायला पहिल्या वर्षी दहापैकी ८.५ सीजीपीए (सरासरी श्रेणीगुण) हवा आणि एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, नको, ही अट तिला प्रवेश झाल्यावर ओरिएंटेशनच्या दिवशी कळली. तिचा ७.८ आला. एकही विषय राहिला नव्हता. पण शिष्यवृत्ती गेली, आणि दुसऱ्या वर्षापासून पूर्ण शुल्क. दरवर्षीच्या पाच टक्के वाढीने ते २,१०,००० झालेलं. सूट टिकली असती तर त्यापैकी १,०५,००० भरावे लागले असते. उरलेले १,०५,००० म्हणजे दिवाणजींचा सात महिन्यांचा पगार. वर्ष सुरू झालेलं, मुलगी वसतिगृहात, सोलापूरची जागा कधीच दुसऱ्या कुणाला गेलेली. पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि भरले.

७.८ म्हणजे काय, हे मी गणिताची शिक्षिका म्हणून सांगू शकते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीत पहिल्यांदा इंग्रजी माध्यमाची पुस्तकं हातात आलेली, आणि पहिल्या सत्रात इंजिनिअरिंग ग्राफिक्स, एम-वन हा गणिताचा पेपर, प्रोग्रॅमिंग एकदम. तिच्या खोलीतल्या दोघी पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या, त्यांना प्रोग्रॅमिंग आठवीपासून येत होतं. अशा परिस्थितीत ७.८ मिळवणाऱ्या मुलीचा मला अभिमान वाटतो. तुमच्या नियमाने तिला गुणवत्ता संपलेली विद्यार्थिनी ठरवलं.

यात आणखी एक अडचण आहे. तुमच्यापैकी अनेक ठिकाणी रिलेटिव्ह ग्रेडिंग आहे. म्हणजे श्रेणी ठरते ती वर्गातल्या इतरांच्या तुलनेत. ६० मुलांच्या वर्गात वरच्या श्रेणीत किती मुलं बसणार, हे साधारण आधीच ठरलेलं असतं. आता त्या वर्गात ३० मुलं शिष्यवृत्तीवर आली असतील, तर सगळ्यांनी रात्रंदिवस अभ्यास केला तरी सगळ्यांना ८.५ मिळू शकत नाही. एक वर गेला की दुसरा खाली येतोच. हे मुलांच्या आळसावर ढकलता येणार नाही. ते अटीच्या रचनेतच आहे, आणि अट लिहिणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे.

अट असूच नये, असं मी म्हणत नाही. १९१३ च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीराव गायकवाड महाराजांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिक्षण झाल्यावर १० वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. अट हलकी मुळीच नव्हती. पण रक्कम किती, मुदत किती आणि बदल्यात काय द्यायचं, हे सगळं करारात होतं आणि सही जहाजात बसण्याआधी झाली होती. शंभराहून अधिक वर्षांनंतर आमच्या मुलांना एवढंच हवं आहे. अट आधी सांगा.

म्हणून माझी मुख्य मागणी एका कागदाची आहे. शिष्यवृत्तीचं पत्र पाठवताना सोबत त्या विद्यार्थ्याच्या नावाची पट्टी पाठवा. शिक्षण शुल्क, त्यातून वजा झालेली सूट, वसतिगृह, मेस, परीक्षा, अनामत, दरवर्षी किती टक्के वाढ होऊ शकते, आणि शेवटी चारही वर्षांत घरातून जाणारी रक्कम. एकदा सूट टिकली असं धरून, आणि एकदा दुसऱ्या वर्षी ती गेली असं धरून. त्याखाली टिकवण्याची अट साध्या मराठीत. प्रवेश रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत, तेही तिथेच. आणि सरकारच्या कोणत्या शुल्क सवलती तुमच्याकडे लागू होत नाहीत, ते स्पष्ट लिहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन शैक्षणिक कर्ज मिळतं, पण एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांमध्येच. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे की नाही, हे पालकाला बँकेत गेल्यावर का कळावं?

दुसरं, आकडे सांगा. ‘मर्यादित जागा’ म्हणजे किती? गेल्या वर्षी कोणत्या शाखेत किती जणांना कितपत सूट दिली, शेवटच्याला किती गुण होते? बारावीचे टक्के आणि सीईटीचे पर्सेंटाइल यांत तुम्ही तुलना कशी करता? आमच्याकडे आजही पालक ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ टक्के समजतात. पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतले किती जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, हे मला दर जूनमध्ये नव्याने समजवावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा, जो मी आजवर कुठल्याही माहितीपुस्तिकेत पाहिला नाही: पहिल्या वर्षी ज्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, त्यांच्यापैकी चौथ्या वर्षापर्यंत ती किती जणांकडे टिकली? हा एक आकडा छापलात तर पालक मला काही विचारणारच नाहीत. ते स्वतः ठरवतील.

तिसरं, तारखा. सीईटीच्या निकालाआधी सात दिवसांच्या मुदतीने पैसे मागू नका. तुम्ही पेरा सीईटी ही खासगी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा घ्या, बारावीवर निवड करा, मुलाखती घ्या, तो तुमचा अधिकार आहे. पण ज्या मुलाने कॅपसाठी नोंदणी केली आहे, त्याला दुसऱ्या फेरीचा निकाल लागेपर्यंत तुमची जागा थोड्या रकमेवर राखून ठेवता आली पाहिजे. घाईत घेतलेला निर्णय ज्यांना परवडतो, त्यांना शिष्यवृत्तीची फारशी गरज नसते.

अट सौम्य करणंही अवघड नाही. सगळे विषय सुटत असतील तर सूट चालू राहू द्या. ते पटत नसेल तर पहिलं वर्ष सोडून दुसऱ्या वर्षापासून सीजीपीए मोजा. निदान ५० वरून थेट शून्यावर न आणता २५ वर आणा, आणि पुढच्या वर्षी गुण वाढले तर पुन्हा ५० करा. या मुलीला पुढच्या एका सत्रात ८.६ मिळाले. पण तिच्या विद्यापीठात एकदा गेलेली शिष्यवृत्ती परत मिळत नाही.

ज्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीसाठी निबंध आणि मुलाखत असते, त्यांच्याशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे. गेल्या वर्षी एका मुलाच्या मुलाखतीची तयारी मी करून घेत होते. फॉर्मवर प्रश्न होता, तुम्ही नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग लिहा. तो म्हणाला, “मॅडम, माझ्याकडे असं काही नाही.” हा मुलगा वडील वारल्यापासून, म्हणजे नववीपासून, पहाटे गावातल्या दूध संकलन केंद्रावर दुधाचं फॅट मोजतो, ४० घरांचा दहा दिवसांचा हिशेब करतो आणि मग सकाळच्या एसटीने कॉलेजला येतो. शहरातली मुलं त्याच प्रश्नाला वादविवाद स्पर्धा, परदेशातलं शिबिर, एखाद्या संस्थेत केलेलं महिनाभराचं काम असं लिहितात, कारण त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की हे लिहायचं असतं. त्याला मी सांगितलं म्हणून त्याने दुधाचं लिहिलं. ज्यांना सांगणारं कुणी नाही ती मुलं ती जागा रिकामी सोडतात. तुमच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: घरातलं, शेतातलं, दुकानातलं कामही इथे लिहावं. आणि मुलाखत मराठीत देता येईल असंही लिहा. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत देता येते. मग पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या विद्यापीठाच्या मुलाखतीत मराठी बोलायला मुलाने का घाबरावं?

गुणवत्तेचा आणि गरजेचा विचार एकत्र करणं अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ कुटुंबाचं उत्पन्न पाहून शिक्षण शुल्क, राहणं आणि जेवण या तिन्हींसाठी मदत देतं. पिलानीच्या बिट्समध्ये गुणवत्ता आणि गरज दोन्ही पाहून दिलेली शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं आहे. दोन्ही खासगीच संस्था आहेत. तुमच्याकडे सगळा निधी आज लगेच नसेल, हे मी समजू शकते. पण पट्टी लिहायला निधी लागत नाही. त्याला एक कारकून आणि अर्धा तास लागतो. दिवाणजी हे काम उभ्या उभ्या करतात.

मी हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. तुमच्या आवारात आमची मुलं यावीत, तुमच्या प्रयोगशाळा त्यांनी वापराव्यात, ही माझी मनापासून इच्छा आहे. बार्शीच्या पोरांना चांगलं शिक्षण फक्त सरकारी जागांवरच मिळावं असं मला वाटत नाही. पण तुमचा मेसेज पोचतो त्या रात्री घरात काय होतं, ते मी पाहते. आई मंगळसूत्र काढून ठेवते. कुणी दीड एकराचा सातबारा घेऊन पतसंस्थेत जातं. हे लोक तुमच्या एका ओळीवर विश्वास ठेवून ते करतात.

यंदाही बारावीचा निकाल लागेल आणि माझ्या पडवीत मोबाइल पुढे येतील. या वर्षी मी पालकांना तुमच्या प्रवेश विभागाकडून ईमेलवर तीन गोष्टी मागवायला सांगणार आहे: चार वर्षांची एकूण रक्कम, शिष्यवृत्ती टिकवण्याची अट, आणि प्रवेश रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची तारीख. उत्तर लेखी आलं तर मी स्वतः त्यांच्याबरोबर बसून बेरीज करीन आणि जमत असेल तर पैसे भरा म्हणेन. उत्तर आलं नाही तर कॅपची फेरी होईपर्यंत थांबायला सांगेन. ज्या विद्यापीठाने या तिन्ही गोष्टी न मागता पत्रासोबतच पाठवल्या, त्याचं पत्र मी वर्गाच्या भिंतीवर नियमांच्या शेजारी लावीन.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक गणित शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर